आधी खाकरायचं

वायपर चाचा स्वतःच्या रिकाम्या दुकानातसुद्धा खाकरून शिरायचे. कुलूप काढलं, शटर अर्धं वर ढकललं, की तिथंच थांबून घसा साफ केल्यासारखा एक आवाज काढायचा आणि मगच वाकून आत जायचं. सुनेच्या घरात पाऊल टाकणाऱ्या सासऱ्यासारखं. आत कोण असायचं? लग्नाच्या हॉलसमोर हात जोडायला बनवलेली एक नऊवारीतली बाई, गौरींपुढं जातं ओढणाऱ्या दोन म्हाताऱ्या, आणि एका बियाणे कंपनीनं प्रदर्शनासाठी सांगितलेला शेतकरी, ज्याची मान अजून बसवायची होती.

"आत कोण हाये चाचा? कुणाला खाकरून राह्यले?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"कुणी न्हाई बेटा. पर ही सवय मोडली की माणूस एक दिवस, खरंच कुणी असंल तिथंबी, तसाच घुसतो."

जालन्यात त्यांचं खरं नाव कितीजणांना माहीत होतं कोण जाणे. बसच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं काचांचे वायपर दुरुस्त करण्यात गेली आणि पुढं त्याच वायपरच्या मोटारींवर त्यांनी पुतळे हलवायला सुरुवात केली, म्हणून वायपर चाचा. वायपर कसा जातो आणि येतो, सावकाश, न थकता? तसाच त्यांच्या पुतळ्यांचा हात वर जायचा आणि खाली यायचा. एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांत भंगाराचे ट्रक येतात, त्यातून चाचा दातेरी चाकं, सळ्या, मोटारी निवडून आणायचे. भट्टीत जाणाऱ्या वस्तूला परत कामाला लावलं की त्यांना फार आनंद व्हायचा. "हे चाक मरून राह्यलं होतं, आता दाणे दळाया बसलंय," असं ते जातं ओढणाऱ्या म्हातारीकडं बोट दाखवून सांगायचे.

मी मंठ्याची. नववीत शाळा सुटली. का सुटली ते सांगायला गेलं तर लांबेल. आमच्या गल्लीत माझ्याबरोबरच्या चौघींची सुटली, तशी माझीही. शिलाई तेवढी बरी यायची. विशीत जालन्याला मावशीकडं आले तेव्हा डोक्यावर एकच टांगती तलवार होती. वर्षभरात मशीनला जागा आणि हाताला काम मिळालं नाही, तर परत मंठा, आणि परत मंठा म्हणजे वडील म्हणतील त्या घरी लग्न. चार ठिकाणी नकार पचवून मी चाचांच्या दुकानापाशी आले. ते त्या वेळी नऊवारीतल्या बाईला साडी नेसवायच्या प्रयत्नात होते आणि निऱ्या पाठीमागं आल्या होत्या. मला हसू आवरलं नाही.

"हसती काय? येतंय तर नेसव की!"

नेसवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धं दुकान झाडून मोकळं केलं आणि माझं मशीन तिथं ठेवलं. त्यांचे पुतळे मी सजवायचे, बाकी वेळात बाहेरची शिलाई माझी. नाव विचारलं, पण हाक मात्र कायम "मंठेवाली".

लोक त्यांच्या पुतळ्यांचं कौतुक करायचे, पण त्यांची एक गोष्ट कुणाला कळायची नाही. पुतळा मान वळवायच्या आधी कुरकुरायचा. गळ्यातली सळई ज्या पितळी नळीत फिरते, ती नळी चाचा मुद्दाम कोरडी ठेवायचे. मोटार सुरू झाली की आधी "कुर्र" आणि मग मान. गिऱ्हाईक म्हणायचं, चाचा, एवढं छान केलं आणि आवाज तेवढा राह्यला. चाचा म्हणायचे, "राह्यला न्हाई, ठेवलाय. आपुन दुसऱ्याच्या घरात जाताना खाकरतो का न्हाई? मंग ह्यानंबी खाकराया पाहिजे. न खाकरता हलला तर माणूस भ्यायचा."

मला ते पटायचं नाही. शिलाईवाल्या बाईला कोरड्या मशीनचा आवाज दातात खडा आल्यासारखा लागतो. माझ्या मशीनशेजारी तेलाची बाटली कायम असायची आणि तो "कुर्र" ऐकला की माझा हात आपोआप तिच्याकडं जायचा. चाचा लांबूनच बोट हलवून नाही म्हणायचे.

डोळेही ते कधी हलवायचे नाहीत. त्या बियाणे कंपनीच्या शेतकऱ्यासाठी साहेबांनी हट्ट धरला होता की डोळे फिरले पाहिजेत. चाचा म्हणाले, "साहेब, माणूस बघतो तवा आधी डोळा जातो, मंग मान. माझ्या हातनं त्यात जरा जरी मागंपुढं झालं तर तुमच्या कंपनीचं बियाणं घ्यायला कुणी येणार न्हाई." शेवटी डोळे स्थिर राहिले. प्रदर्शनात तो शेतकरी कणसाकडं बघून नुसता मान डोलवत उभा होता आणि घनसावंगीकडचे एक आजोबा त्याला म्हणाले, "काहीच बोलून न्हाई राह्यला, नुसता मान हलवतोय. शेतकरी कशाचा, साहेब असंल हा!" चाचांनी तो विनोद वर्षभर सगळ्यांना सांगितला. लोक हसले म्हणजे पुतळा जमला, असं ते धरायचे.

आणखी एक होतं. ओळखीच्या माणसाचा चेहरा ते करायचे नाहीत. तो नियम त्यांनी एकदाच मोडला.

अंबडला एक जुनं कापडाचं दुकान होतं. तिथले मोठे शेठ चाळीस वर्षं गादीवर बसून आल्यागेल्याला हात जोडायचे. चाचांनी बनवलेला पहिला पुतळा त्यांनीच घेतला होता, तोही नीट चालत नसताना. मोठे शेठ वारले आणि वर्षाच्या आत त्यांच्या मुलानं, धाकट्या शेठनं, दुकान नव्यानं सजवायला काढलं. ते फोटो घेऊन आले. दारात वडिलांचा पुतळा पाहिजे, मान वळवून हात जोडणारा. चाचा बराच वेळ फोटो हातात धरून बसले. नाही म्हणायला तोंड उघडलं तोच धाकटे शेठ म्हणाले, "आईला बरं वाटंल ओ चाचा." आणि चाचांनी फोटो खिशात ठेवला.

दोन महिने ते त्या चेहऱ्यावर बसले. मी कोट शिवणार होते, पण काकूंनी, म्हणजे शेठच्या विधवा बायकोनं, शेठचाच कोट, टोपी आणि चष्मा पाठवून दिला. मी फक्त ते पुतळ्याच्या मापात बसवले. काम संपलं त्या दिवशी चाचांनी त्याच्यासमोर उभं राहून सलाम केला, आणि लगेच स्वतःवरच चिडल्यासारखे बाहेर गेले.

पुतळा अंबडला नेताना टेम्पोच्या मागच्या बाजूला नाक तुटेल म्हणून शेठना पुढं, ड्रायव्हर आणि चाचांच्या मधोमध बसवलं. मी मागं सामानात. वाटेत एका फाट्यावर टेम्पो थांबला. चाचा पाणी प्यायला उतरले, तेवढ्यात एकजण चढून त्यांच्या जागी बसला आणि म्हणाला, "सरका की काका थोडं." काका सरकले नाहीत. "ओ काका, ऐकू न्हाई येत का?" म्हणून त्यानं खांद्याला हात लावला, आणि नंतर तो माणूस पायात चप्पल न घालता ज्या वेगानं खाली गेला, ते आठवलं की मला आजही हसू येतं. ड्रायव्हर तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. चाचाही हसले. मग शेठच्या शेजारी जाऊन बसले.

"हा तर नुसता बसून होता, मंठेवाली," ते जाळीतून मागं वळून म्हणाले. "आवाज न करता हलला असता मंग?"

पुढचं सगळं माझ्या हातानं झालं.

अंबडला पुतळा जागेवर बसवला, वायर जोडली. दार उजवीकडं आणि वर घरात जाणारा जिना डावीकडं. मान डावीकडून सुरू होऊन दाराकडं यायची आणि मग हात जुळायचे. पाहुणे जमायला लागले होते. मोटार लावून पाहिली, तर "कुर्र" झालं आणि दोघीतिघी फिसकन हसल्या. धाकटे शेठ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बैलगाडीसारखा आवाज येऊन राह्यला. चारचौघांत चाचांचंच हसं होईल." शुक्रवार होता, चाचा नमाजला गेले होते. मी कोटाची शेवटची गुंडी टाकत होते आणि माझ्या पिशवीत बाटली होती.

चाचांचं हसं होईल, हे माझ्याच्यानं ऐकवलं नाही. ज्या माणसानं मला बसायला जागा दिली, त्याच्यावर बायका हसतात? कॉलरच्या मागून मी तीन थेंब सोडले. मशीनला सोडते तसे.

काकूंना वरून खाली आणलं. त्या शेवटच्या पायरीवर उतरल्या आणि कुणीतरी बटण दाबलं. काही आवाज झाला नाही. शेठची मान जिन्याकडं वळली, काकूंवर क्षणभर थांबली, मग दाराकडं गेली आणि हात जुळले.

दुकानात गर्दी झाली की शेठ असंच करायचे, हे मला मागाहून कळलं. आधी जिन्याकडं बघायचं, म्हणजे वर निरोप की पाणी पाठवा, आणि मग गिऱ्हाइकाकडं वळायचं.

काकूंनी पदर डोक्यावर घेतला. "आणते, आणते," म्हणाल्या आणि पाठ फिरवून जिना चढू लागल्या. एक पायरी. दुसरी पायरी. तिथं त्यांचा हात कठड्यावर थांबला. मग त्या तिथंच, पाठ आमच्याकडं ठेवून, खाली बसल्या. एका बाईच्या कडेवरचं पोर रडायला लागलं आणि पाठोपाठ मोठी माणसंसुद्धा दाराकडं सरकली. पुतळा मान वळवत होता, हात जोडत होता. धाकट्या शेठना बटण सापडेना.

चाचा आले तेव्हा दुकान अर्धं रिकामं झालं होतं. त्यांनी वायर काढली, पुतळ्याच्या मानेमागं बोट घातलं आणि ते बोट नाकाशी नेलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला वाटलं, झालं. मशीन उचलायचं, मंठ्याची बस धरायची.

"तेल माझ्या हातनं पडलं शेठ," चाचा म्हणाले. "गलती माझी हाये. बिलकुल माझी."

माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. मी बोलायला हवं होतं. मी बाटली पिशवीत आणखी खाली सारली.

त्या वर्षी त्यांच्याकडं कुणी पुतळा सांगितला नाही. अंबडची गोष्ट जालन्यापर्यंत येता येता भलतीच झाली होती. चाचांच्या पुतळ्यात मेलेला माणूस येऊन बसतो, असं बायका बोलू लागल्या. हॉलवाल्यांनी हात जोडणारी बाई परत पाठवली. चाचा जळालेल्या पंख्यांत आणि पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून देत बसले. रोज सकाळी खाकरून आत यायचे, माझ्या मशीनशेजारून जायचे. तेलाची बाटली होती तिथंच होती. त्यांनी ती लपवली नाही, उचलली नाही, तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ओरडले असते तर मी सुटले असते.

महिन्याभरानं काकू स्वतः एसटीनं आल्या, शेठचे कपडे न्यायला. चाचांनी पुतळा आधीच मोकळा केला होता. चेहरा फडक्यात गुंडाळून वर ठेवलेला, कोट घडी करून, चष्मा पुसून. ते हात जोडून म्हणाले, "माफ करा भाभी. तुम्हाला घाबरवलं."

"मी न्हाई घाबरले ओ," काकू म्हणाल्या. "घाबरले ते बाकीचे. मी दोन पायऱ्या चढले, तवर ते होते." मग कोट मांडीवर घेऊन म्हणाल्या, "तिसरी चढता आली न्हाई, एवढंच."

त्या गेल्यावर चाचा बराच वेळ पंख्याची तार गुंडाळत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुतळ्याला कुणी भीत न्हाई, मंठेवाली. आपल्याला कळायच्या आधी आपलं मन 'आहे' म्हणून मोकळं होतं ना, त्याला माणूस भितो. खाकरलं की मनाला तेवढा टाइम मिळतो."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी टाचणी शोधत राहिले.

पुढं माझं लग्न झालं, माझ्या मर्जीनं आणि माझ्या कमाईवर. मशीन होतं म्हणून ते तसं झालं आणि जागा होती म्हणून मशीन होतं. नवरा शिलाई मशीनचा मेकॅनिक. त्याच्याबरोबर इथं तिरुप्पूरला आले. इथं एका मोठ्या कारखान्यात चाळीस बायकांच्या रांगेवर माझी देखरेख असते. मला आधीपासून काळजी फार. गॅस बंद केला का, मुलगा बसमध्ये चढला का, रांगेतल्या कुणाचं बोट सुईखाली तर नाही. मशीनवर वाकलेल्या बाईच्या मागं जाताना मी चार पावलांवरून खाकरते. पोरी मला इरुमल अक्का म्हणतात. इरुमल म्हणजे खोकला. त्यांना वाटतं मला छातीचा काहीतरी त्रास आहे. मीही तो समज तसाच राहू दिला आहे.

चाचा गेले त्याला आता पाच महिने होतील. मातीला मला जाता आलं नाही. पण त्याआधीच्या दिवाळीत मी जालन्याला गेले होते, ठरवूनच. जालना सोडून बारा वर्षं झाली होती. शटर जाऊन तिथं पत्र्याचं दार आलं होतं. मी दाराशी उभी राहून खाकरले. आतून काही नाही. पुन्हा खाकरले. मग दार ढकलून आत गेले. चाचा दाराकडं पाठ करून काहीतरी घासत बसले होते. मी खांद्याला हात लावला, आणि ते असे दचकले की हातातले स्क्रू दुकानभर झाले.

"या अल्ला! अगं मंठेवाली! खाकरून तरी यायचं!"

"खाकरले चाचा! दोनदा!"

त्यांनी कानाकडं बोट दाखवलं आणि हात हलवला. कान गेले होते. मग समोरच्या टेबलाकडं दाखवलं. तिथं वीतभर उंचीचा एक लाकडी हवालदार उभा होता. त्याच्या हातापासून एक दोरी छतावरून दारापर्यंत गेली होती. दार उघडलं की हवालदार सलाम ठोकणार आणि चाचांना कळणार की कुणी आलं. आज त्याचा हात अर्ध्यातच अडकला होता.

मी स्क्रू गोळा करून दिले. मग बोलायचं ठरवलं, आणि कळलं की ही गोष्ट मला ओरडून सांगावी लागणार आहे.

"चाचा! अंबडच्या पुतळ्याला तेल मी टाकलं होतं!"

समोरचा पानवाला हातातलं पान तसंच धरून बघायला लागला.

"ओरडती काय," चाचा म्हणाले. "तवा माझे कान बराबर होते आणि नाकबी. मोटारीच्या तेलाचा वास येगळा, तुझ्या मशीनच्या तेलाचा येगळा."

"मंग बोलला का न्हाईत?"

हे त्यांना ओठांवरून कळलं असावं. ते हसले. "तू दाराशी उभी राहून खाकरून राह्यली होती, बेटा. रोज. मला दिसत होतं की. म्हणलं, येईल आत. इतका टाइम लागंल असं वाटलं नव्हतं."

मला रडू फुटलं. ते मात्र उठले आणि फळीवरून एक बाटली काढली. माझीच ती, बारा वर्षांपूर्वीची, तळाशी बोटभर तेल उरलेली. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि हवालदाराकडं मान केली.

"ह्याचा खांदा सुकलाय. टाक तेल."

"आवाज?"

"टाक की. मला आता आवाज काय करायचा?"

मी एक थेंब सोडला. हात वरखाली करून पाहिला. मऊ झाला होता.

चहा झाला, बोलणं झालं, बसची वेळ झाली. निघताना मी दार लावून घेतलं आणि कोपऱ्यापर्यंत गेले. मग परत आले. सवयीनं आधी खाकरले, आणि दार दोन बोटं उघडलं. फटीतून दिसलं, हवालदाराचा हात कुठलाही आवाज न करता कपाळापर्यंत गेला. चाचांनी दाराकडं वळून पाहिलं नाही. त्या लाकडी हवालदाराकडं बघतच त्यांनीही आपला हात वर केला, आणि मी दार लावेपर्यंत तो वरच ठेवला.